मु. आणि पो.

पहाटे ५

पाचला म्हैस हंबरते आणि माझी सरकारी नोकरी सुरू होते, असं मी म्हणतो तेव्हा घरातले हसतात. पण मी नियमाला धरूनच बोलतो. ग्रामीण डाक सेवक म्हणून लागताना लिहून द्यावं लागतं, की पोटापाण्याचं दुसरं साधन आपल्याकडे आहे, या कामावर आपलं घर अवलंबून नाही. माझं दुसरं साधन म्हणजे ही म्हैस, तिची रेडी आणि तीस गुंठे भात. तेव्हा धार काढली नाही तर मी पोस्टाच्या नियमातच बसत नाही.

१९९६ साली लागलो तेव्हा आम्हाला ‘ईडी’ म्हणत. एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, म्हणजे खात्याचे पण खात्याबाहेरचे. हल्ली लग्नाकार्यात ‘मी ईडीत होतो’ म्हटलं की माणसं सरसावून बसतात आणि आपापल्या जमिनींबद्दल बोलायचं थांबवतात. पुढं नाव बदलून ग्रामीण डाक सेवक झालं. २०१८ला हुद्दाही बदलला, आता मी सहायक शाखा पोस्टमास्तर. गावात मात्र पोस्टमन तो पोस्टमनच. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून चार तासांच्या कामाला सुरुवातीचे १०,००० आणि पाच तासांच्या कामाला १२,००० ठरले, वर महागाई. चार तास ज्यानं मोजले त्यानं ते सपाटीवर मोजलेले आहेत. पासष्टला निवृत्ती, म्हणजे माझी बारा वर्षं उरली. गुडघ्यांना विचारलं तर ते वेगळा आकडा सांगतील.

आज मंगळवार. मंगळवार आणि शुक्रवार डोंगरावरच्या सड्याचे.

सकाळी ७.२०

धक्का म्हणजे चिखलात टाकलेले चार दगड. सप्टेंबरात कोयनेचा शिवसागर तुडुंब असतो, तेव्हा लाँच गावाच्या अंगणात आल्यासारखी येते. मे महिन्यात पाणी पार खाली उतरतं आणि पिशवी घ्यायला भेगाळलेल्या गाळातून अर्धा तास चालावं लागतं. तेव्हा जुन्या गावाची जोती उघडी पडतात. देवळाचं जोतं, पाराचे दगड, आणि एका ठिकाणी तीन पायऱ्या, ज्या कुठंच जात नाहीत. वडील दाखवायचे: हे पोस्ट. कोयनेचं पाणी साठच्या दशकाच्या सुरुवातीला चढलं आणि आमच्या पत्त्यातलं ‘पो.’ त्याच्याखाली गेलं. माणसं वर सरकली, काही लांब पुनर्वसनात गेली. पत्रं काही दिवस बुडालेल्या गावाच्याच नावानं येत राहिली म्हणे. वडिलांना ती मिळायचीसुद्धा, कारण पोस्टमन बुडालेला नव्हता.

पिशवी कालच एसटीनं पलीकडच्या काठाला येऊन पडलेली असते. लाँचवाला ती पायाखाली ठेवतो, भिजू नये म्हणून वर खताचं पोतं टाकतो आणि मला देताना रोज तेच विचारतो, “आज काय सोनं हाय का?” मी रोज वजन करून दाखवतो. हलकी असली तर आधार कार्डं, जड असली तर कुणीतरी चपला मागवल्या आहेत.

सकाळी ९

शाखा पोस्टमास्तर मॅडम परभणीकडच्या आहेत, वय तेवीस. दहावीच्या मार्कांवर ऑनलाइन निवड होते आणि यादीत नाव जिथं लागेल तिथं लागेल. शाखेच्या गावातच राहायचं आणि शाखेला जागाही आपणच द्यायची, असा नियम. त्यामुळं तिनं भाड्यानं घेतलेल्या घराची पडवी म्हणजे पोस्ट आणि आतली खोली म्हणजे मॅडमचा संसार. आत फोडणी बसली की बाहेर काउंटरवर शिंका येतात. सपाटीवरची पोर. पहिल्या पावसात तिनं मला विचारलं होतं, “काका, हे थांबतंय कधी ओ?” मी म्हटलं, दसऱ्याला. तिला थट्टा वाटली. तेव्हा जून होता.

पिशवी फोडायची, चिठ्ठीशी नग जुळवायचे, तारखेचा शिक्का फिरवायचा, मग वाटणी. आज सत्तावीस नग. आम्ही ते जमिनीवरच लावतो: गाव, खालची वाडी, वरची वाडी, सडा. यंत्रानं छापलेल्या पत्त्यांची एक गंमत असते. माणसानं लिहिलेला पत्ता चुकीचा असला तरी त्यात वाट असते, ‘शाळेच्या वरच्या अंगाला’ वगैरे. यंत्र छापतं: घर क्रमांक ०, गल्ली: लागू नाही, खूण: निअर टेंपल. आमच्याकडं टेंपलं नऊ आहेत आणि गल्ली एकही नाही.

खेड्यातला खरा पत्ता चार अक्षरांवर चालतो: मु., पो., ता., जि. तालुका आणि जिल्हा सरकारनं ठरवलेले; त्यांचं काही सांगायला नको. गोम पहिल्या दोघांत आहे. ज्या गावात पोस्ट आहे त्या गावचे लोक ‘मु. पो.’ असं एका दमात लिहितात. मुक्कामही तिथंच, पोस्टही तिथंच. ज्यांच्या गावाला पोस्ट नाही ते दोन्ही वेगळं लिहितात, मु. अमुक, स्वल्पविराम, पो. तमुक. त्या स्वल्पविरामात मी राहतो. काहींचा स्वल्पविराम एका ओढ्याएवढा असतो. सड्यावरच्या धनगरवाड्याचा सव्वादोन तासांचा आहे, पाऊस नसेल तर.

मॅडमला पिनकोडवर भारी भरवसा. मी तिला सांगितलं, की हा पिनकोड बसवणारा आपलाच माणूस, श्रीराम भिकाजी वेलणकर. पोस्ट खात्यातला मोठा अधिकारी आणि संस्कृतातला कवी. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला. वृत्तात अक्षरं बसवणाऱ्यानं अख्खा देश सहा आकड्यांत बसवला. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा, त्यातच मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. ४१५ म्हटलं की आमच्या साताऱ्याकडची वाट लागते. पण शेवटचे तीन आकडे मोठ्या पोस्टाच्या दारात थांबतात. शाखेला स्वतःचा पिन नसतो. तलावाच्या दोन्ही काठांना एकच नंबर असला तर नंबरातून पोहता येत नाही.

यावर तिनं मोबाइल काढून नवी गोष्ट दाखवली. डिजिपिन. २०२५च्या मे महिन्यात खात्यानं आणला, हैदराबादच्या आयआयटीला आणि इस्रोच्या हैदराबादच्या केंद्राला बरोबर घेऊन. देशाच्या जमिनीचे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येकाला दहा अक्षरांचा नंबर दिला. सड्यावरचं घर नकाशावर शोधून तिनं बोट ठेवलं. बोट जरा सरकलं, नंबर बदलला. “आता कुठं आहे हे?” मी बघितलं. गोठा होता. म्हणजे म्हशींना वेगळा नंबर आणि माणसांना वेगळा. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. ज्या घराला काहीच नंबर नव्हता त्याला एकदम पाच-सहा मिळाले. फक्त मधला ओढा भरलाय का, ते त्या दहा अक्षरांत नाही.

सड्याच्या गठ्ठ्यात दोन नग. एक एटीएम कार्ड, धनगरवाड्यावरच्या म्हातारबांच्या नातवाचं. दुसरं म्हातारबांच्याच नावचं, जाड, खाकी, सरकारी, सहीनं द्यायचं पाकीट. मॅडमनं ते हातात धरूनच ठेवलं.

“काका, हे तर गेलेत ना?”

गेलेत. दोन वर्षं होतील. मीच तेव्हा नातवाला फोन लावून दिला होता.

“मग मयत लिहून आजच परत पाठवते. तुमची एवढी चढण वाचेल.”

तिचं चुकत नव्हतं. ज्याच्या नावाचं पाकीट तोच नाही, तर शेरा मारून पाठवणाऱ्याकडं परत. पाकिटाच्या कोपऱ्यात पाठवणाऱ्या कचेरीचा शिक्का होता, जावक क्रमांक होता आणि बाजूला पेनानं लिहिलेलं: वनहक्क दावा, सुनावणी. जावक क्रमांकाखालची तारीख आणि पोस्टाच्या शिक्क्याची तारीख यांत अठरा दिवसांचं अंतर. टेबलावरून पोस्टापर्यंत यायला त्याला अठरा दिवस लागले होते; डोंगर तर अजून पुढंच होता.

मी म्हटलं, “राहू द्या. आज मंगळवार आहे. दारात विचारतो, मग शेरा मारू.”

सकाळी १०

गावातली वाटणी पाऊण तासाची. तिच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच, की सध्या पक्ष चालू आहे आणि पक्षात पोस्टमन उपाशी राहत नाही. कावळ्याच्या खालोखाल आमचा मान. तिसऱ्या घरी खीर, पाचव्या घरी वडे. सातव्या घरी दार बंद. दाराला कुलूप नव्हतं, फक्त बँकेचं पाकीट आल्याचं आतल्यांना लांबूनच दिसलं होतं.

सकाळी ११

चढण जिथं सुरू होते तिथं शाळा आहे आणि शाळेच्या भिंतीला लाल पेटी. उघडली. एक पोस्टकार्ड, एक पाल. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांनाच मिळतं. पन्नास पैशांचं नाणं बघितलेलं पोरगं शाळेत आता सापडत नाही.

पेटीसमोर दुकान आहे. वर जाणाऱ्या वाडीचं टपाल या दुकानात ठेवायचं आणि दूध घालायला खाली येणाऱ्या कुणीतरी ते न्यायचं, ही इथली जुनी सोय. लिहिलेली कुठं नाही. मीही बरीच वर्षं तसंच केलं. पाऊस, पाय, घरची लावणी, कारणं काय कमी असतात? एका जुलैत वरच्या वाडीतल्या एका पोराचं नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. मी ते दुकानात दिलं. दुकानदारानं बिस्किटाच्या डब्यामागं खोचलं. दूधवाला आजारी पडला, ओढा चार दिवस उतरला नाही, पाकीट अकरा दिवस तिथंच. मुलाखत नवव्या दिवशी झाली होती. पोरगं माझ्याकडं आलं ते भांडायला नाही. पाकीट दाखवून त्यानं विचारलं, “यावर शिक्का कवाचा हाय ते तेवढं वाचून सांगा.” त्याला वाचता येत होतं. मला वाचायला लावायचं होतं.

ते आता वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहतं. तक्रार कुणी केली नाही. दुकानात मी आता चहा पितो, टपाल ठेवत नाही.

दुपारी १२

पायांना तंबाखूचं पाणी चोळलं. जळवा त्यानं थांबत नाहीत, विचार करतात एवढंच. करवीच्या जाळीतून वाट जाते, अंगाएवढी. धुक्यात गवा समोर आला तर तो दगड वाटतो आणि दगड गवा वाटतो. म्हणून मी खोकत चालतो, काठी आपटत चालतो. जुन्या काळी डाक नेणाऱ्या हरकाऱ्याच्या भाल्याला घुंगरं बांधलेली असायची. लहानपणी मला वाटायचं ती ऐट असेल. एकदा भर पावसात पंधरा पावलांवर गव्याचा उच्छ्वास ऐकल्यावर घुंगरांचा उपयोग कळला.

वर गेलं की सडा एकदम उघडतो. सोनकी फुललीय, सगळा कातळ पिवळा. याच फुलांना बघायला तिकडं कासला गाड्यांच्या रांगा लागतात; इथं बघायला मी आणि एक टिटवी. सड्याच्या टोकाला रेंजचा धोंडा. सगळ्या सड्यावर तिथंच मोबाइलला दोन काड्या मिळतात, म्हणून धोंड्याला कुणीतरी शेंदूर फासला आहे. थट्टेनं फासला असावा, पण गेल्या वर्षी तिथं नारळ फोडलेला बघितला.

दुपारी १.३०

धनगरवाड्यात एकेकाळी अकरा घरं होती. आता एक. पत्र्याचं छप्पर, करवीच्या कुडाला शेणानं लिंपलेलं, शेजारी घराहून मोठा गोठा. वीज नाही, रस्ता नाही, नळ नाही. सौर दिवा आहे, तो पावसाळ्यात सुट्टीवर असतो. चहूबाजूंनी वन खात्याचं रान. म्हशींचं दूध आटवून खवा करायचा आणि तो उतरवायचा, पिढ्यान् पिढ्या हेच.

कुत्रं ओळखीचं. आतून आवाज आला, “कोन हाय?”

“पोस्टमन, आजी.”

“म्हंजी आज मंगळवार. म्या सोमवारच धरला हुता.” सड्यावर वार माझ्यावरून कळतात. दोन वेळा मी आजारी पडलो तेव्हा आजींची एकादशी हुकली.

मुलगा म्हशींमागं गेलेला, सून चुलीपाशी. मी खाकी पाकीट काढलं आणि विचारायचं ते विचारलं. विचारताना जीभ जड झाली, पण दारात विचारतो म्हणून सांगून आलो होतो. “आजी, म्हातारबाच्या नावचं हाय. हायत का घरी?”

आजींनी माझ्याकडं बघितलं, मग कुडाकडं बोट केलं. “हायत की. त्ये काय, भितीवर.”

फोटोत म्हातारबा फेटा बांधून सरळ बसले होते. तीस वर्षं त्यांनी मुंबईत मशीद बंदरला माथाडी म्हणून पोती वाहिली. आमच्या जावळीतल्या प्रत्येक घरानं मुंबईला एक तरी पाठ दिलेली आहे. गिरण्यांना, नाहीतर बाजाराला. मी लागलो तेव्हाही या घराला महिन्याची मनिऑर्डर यायची, आणि ती द्यायला कुणीही आनंदानं चढायचं, कारण वर ताक मिळायचं आणि खाली येताना खवा.

पाकीट फोडून द्या, असं त्यांनी म्हटलं नाही आणि मी दिलंही नाही. ते मेलेल्या माणसाचं होतं, परत जायचं होतं. पण बाहेरून वाचायला कुणाची बंदी? सून दहावी शिकलेली. तिनं चूल सोडली, वही आणली आणि पाकिटावरचा जावक क्रमांक, तारीख, कचेरीचं नाव उतरवून घेतलं. मग मी सांगत गेलो आणि ती लिहीत गेली, की मूळ अर्जदार मयत झाले असून आम्ही वारस आहोत, आमची नावं लावून आम्हाला सुनावणीची तारीख द्यावी. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स पेटीत होती.

पेटी उघडली तसं आजींनी सगळंच बाहेर काढलं. निळी आंतर्देशीय पत्रं, मनिऑर्डरची कुपनं. मनिऑर्डर दिली की फॉर्मच्या खालची चिठ्ठी घरच्यांना ठेवायला मिळायची, तिच्यावर दोन ओळी लिहिलेल्या असायच्या. पैसे केव्हाच संपले, कुपनं राहिली. शिक्के निम्मे पुसलेले. एकावर १९७१ लागलं, एकावर १९७४. एक तर वडिलांच्या काळातलं, पत्त्यात बुडालेल्या गावाचं नाव.

“ही दावली तर घर हाय म्हनत्याल का?”

इथं मला उत्तर देता येईना, कारण मला कायदा थोडा माहीत आहे. वनहक्काचा कायदा २००६चा. जमीन १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून ताब्यात पाहिजे. आदिवासींना तेवढं पुरतं. बाकीच्यांना त्याच्याही मागच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथं राहिल्याचं दाखवावं लागतं. आमच्याकडं धनगर भटक्या जमातीत मोडतात, आदिवासीत नाही. म्हणजे पुरावा पाहिजे १९३०चा. १९३० साली या घरातल्या कुणाला कुणी पत्र लिहिलं असेल? लिहिलं असलं तरी वाचलं कुणी असेल? सगळं कूळ इथंच होतं. पत्र लिहायला आधी कुणाला तरी दूर जावं लागतं.

मी म्हटलं, “जपून ठिवा, आजी. द्यायला लागली तर झेरॉक्स द्या, खरं कुनाच्या हातात देऊ नका.”

“ह्यो अर्जबी रजिस्टर कर मग.”

“रजिस्टर आता स्पीड पोस्टात गेलं, आजी.”

“म्हंजी मोडलं?”

“मोडलं न्हाई, जोडलं.”

“सोयरीक बरी झाली म्हन की,” म्हणत आजींनी कनवटीचे पैसे सोडले.

एटीएम कार्डाची सही सुनेनं केली. राहिली आजींची पेन्शन. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० पोस्टाच्या बँकेत जमा होतात आणि मी ते दारात देऊ शकतो. दारात म्हणजे रेंजच्या धोंड्यापाशी. आजी अनवाणी पुढं, मी बुटांत मागं, आणि मलाच थांबा म्हणायची वेळ. धोंड्यापाशी अंगठा टेकवला, नापास. शेण, राख, ताकाची रवी यांनी त्या बोटांवरच्या रेघा कधीच खाऊन टाकल्या आहेत. तर्जनी नापास. डाव्या हाताचा अंगठा नापास. मग आजींनी करंगळीजवळचं बोट केसांवरून फिरवलं, पदराला पुसलं आणि टेकवलं. यंत्र जरा वेळ विचारात पडलं, मग पास झालं. “ह्ये बोट काम करत न्हाई,” आजी म्हणाल्या, “म्हनून हाय अजून.”

पैसे त्यांनी दोनदा मोजले. मोजताना मला पाठ करून उभं राहायला सांगितलं.

दुपारी ३.१०

धोंड्यावरूनच कार्डाची नोंद वर गेली. कार्ड दिलं दुपारी दीडला, सरकारला कळलं तीनला. उतरताना धुकं खाली बसलं होतं. ओढ्याला पाणी गुडघ्याच्या वर, म्हणून पिशवी डोक्यावर. सुनेनं दिलेला खवा पानात बांधून खिशात होता, त्याचा खिशातच लगदा झाला. बाकी उतरण्यात सांगण्यासारखं काही नसतं. गुडघे बोलतात, आपण ऐकायचं.

सायंकाळी ५.१५

मॅडम दैनिक हिशेब लावत होती. पेन्शनचे पैसे वजा, सकाळची दोन बचत खाती जमा, रोकड जुळली. खवा बघून तिनं आधी नाक मुरडलं आणि मग निम्मा संपवला.

खाकी पाकिटावर तिनं शेरा लिहिला: मयत. मी सही केली, तारीख घातली. मग आजींचं पाकीट बुक करायला घेतलं. खातं अलीकडंच नव्या सॉफ्टवेअरवर गेलंय, आणि ते खडूस आहे. एक रकाना रिकामा ठेवला की पुढं जाऊ देत नाही.

“पाठवणाऱ्याचा पत्ता?”

“पो. आपलंच.”

“ते आहे. मु.?”

सड्याला नाव आहे, पण सडा मोठा. वाडा म्हणावं तर वाडा उठला. घराला नाव कुणी ठेवलंच नाही, कारण तिथं दुसरं घर नाही. मी म्हटलं, सडा लिहा.

“मोबाइल नंबर?”

“रेंज नाही तिथं. माझा घाला.”

“मग सुनावणीची तारीख तुमच्याच फोनवर येणार?”

“येऊ दे. नेऊन सांगीन.”

तिनं जरा वेळ पडद्याकडं बघितलं. मग बोटं चालवली आणि पाकिटावरही पेनानं लिहिलं: मु. सडा, मार्फत, पुढं माझं नाव. एकोणतीस वर्षं झाली, माझं नाव टपालावर असं कधी आलं नव्हतं. मी नेहमी त्याच्या दुसऱ्या बाजूला.

दोन्ही पाकिटं एकाच कचेरीची, एकाच टेबलाची. एकावर मयत, एकावर मार्फत. मॅडमनं ती पिशवीत टाकली, तोंड आवळलं, आणि सील लावता लावता थांबली.

“काका, आधी कोणतं उघडतील ते?”

“जे वर असेल ते.”

तिनं पिशवी परत सोडली. आत हात घालून मयत तळाशी सरकवलं आणि आजींचं पाकीट सगळ्यांत वर ठेवलं, सरळ, चुरगळणार नाही असं. मग सील केलं. पुढं मोठ्या पोस्टात सगळ्या पिशव्या एकाच टेबलावर ओततात, हे मी तिला सांगितलं नाही.

साडेसहा होत आले होते. पाऊस परत सुरू झाला. म्हैस हंबरायला लागली असणार.